शौकतच्या दुकानातला पूल

पापाची तिकटीजवळ, चपलांच्या कातड्याचा वास संपतो
तिथं शौकत काझीचं फ्रेमचं दुकान.
देव, नवरा-नवरी, नुकतेच गेलेले कुणाचे आजोबा,
सगळे एका भिंतीला टेकून काचेची वाट बघतात.
परवा त्यांच्यात हा पूल आला.

जलरंग. कोपऱ्यात बारीक सही: द. रा. मेस्त्री, १९७४.
कोण मेस्त्री, शौकतलाही ठाऊक नाही.
मी चष्मा पुसला आणि सवयीनं
आधी पाणी वाचलं.

एकतीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात पंचगंगेची उंची लिहिली.
पहाटे चार, सकाळी आठ, जोर असला तर तासातासाला,
बॅटरीचा झोत पट्टीवर, फूट आणि इंच,
मग फोन: "सदतीस फूट दोन इंच, साहेब. चढतंय."
मला तो पूल कधी पूल वाटलाच नाही,
नदीत उभी केलेली दगडी फूटपट्टी वाटायचा.

म्हणून सांगतो, हे चित्र जानेवारीतलं.
पाणी पार खाली, कमानींचे पाय उघडे.
पलीकडं धूर सरळ वर गेलाय,
म्हणजे वारा नाही, आणि चिखलीच्या अंगाला गुऱ्हाळ लागलंय.
मेस्त्रींनी धुराला जरासं पिवळं बोट पुसलंय.
त्या बोटाला काकवीचा वास आहे.

शौकत म्हणाला, दगड बघा.
बघितला. काळा रंग कुठंच नाही!
निळा, विटकरी, शेवाळी, वांग्याच्या सालीचा एक थेंब,
असं करत करत दगड काळा झालाय.
इतकी वर्षं त्याच्या अंगावर बॅटरी मारली मी.

तिसऱ्या कमानीखाली तर पाणी रंगवलेलंच नाही,
नुसता कागद सोडलाय. ऊन सगळ्यात जास्त तिथंच.
माझ्या वहीत एक रकाना कोरा राहिला असता
तर मेमो आला असता.

वर एक सायकलवाला, दोन फटकाऱ्यांत,
हँडलला किटली, दुधाचीच असणार,
तोल एकीकडं गेलेला.
पन्नास वर्षं झाली, गावात पोचला नाही अजून.
खाली गुडघाभर पाण्यात चार म्हशी.
एकीनं शेपटी वर काढलीय, तेवढ्यानं चौघी जित्या झाल्यात.

आणि त्यांच्या पोटाशी ही आडवी तपकिरी रेघ.

"ही मेस्त्रींची नव्हं," शौकत म्हणाला.
चित्र दुधाळीतल्या इंदुताई सरनोबतांचं.
एकोणीसच्या पुरात भिंतीवरच राहिलं होतं.
पाणी कपाट चढलं, देव्हारा चढलं, चौकटीला लागलं,
काचेच्या आत दोन बोटं शिरलं, थांबलं,
आणि जाताना रेघ ओढून गेलं.

मी वाकून बघत राहिलो.
त्या रात्री आम्ही भिजल्या रजिस्टरवर
पेन उठत नाही म्हणून हातावर आकडे लिहीत होतो.
आणि इथं तिनं स्वतः लिहिलेलं,
तेही स्वतःच्याच चित्रावर.

"राहू दे," म्हटलं, "माऊंट खाली घे, रेघ दिसू दे."
शौकतनं फोन लावला. स्पीकरवर इंदुताई:
"ती रेघ माझ्या स्वयंपाकघरातबी हाय, चार कोट मारले तरी येतीया.
मला पूल बघायचाय. झाका."

काय बोलणार.
गाळ त्यांनी उपसला होता.

शौकतनं पांढरा माऊंट कापला, खालून दोन इंच रुंद.
पूल बसला. सायकलवाला बसला. कोरी कमान बसली.
काच लागली, त्यात आम्हा दोघांची तोंडं आली.
मी पुन्हा पातळी काढायला गेलो,
पण मोजायला आता तळच नाही.
पुठ्ठ्यामागं म्हशी उभ्या असतील,
पोटाला पूर टेकलेला,
एकीची शेपटी वर.